रिकाम्या जागांचा कैवार कोणासाठी?

आयुर्वेदाच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की एक मागणी हमखास पुढे येते. बीएएमएसच्या जागा रिकाम्या राहत आहेत, तेव्हा ‘नीट’ची पात्रता शिथिल करा, पर्सेंटाइल खाली आणा, जमल्यास आयुर्वेदापुरती ही अटच काढून टाका. खासगी महाविद्यालयांचे चालक या मागणीत पुढे असतात आणि त्यांचा हिशेब उघड आहे. रिकामी जागा म्हणजे त्या वर्षाची बुडालेली फी. पण अलीकडे काही वैद्य आणि आयुर्वेदावर मनापासून प्रेम करणारी माणसेही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागली आहेत. ‘नीट’ ही ॲलोपॅथीची परीक्षा, तिची कसोटी आमच्या शास्त्राला कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे, कारण त्यांची आस्था खरी आहे आणि तिचा वापर दुसऱ्याच कामासाठी होतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जागा रिकाम्या राहतात त्या पात्र मुले नाहीत म्हणून राहत नाहीत. पात्र मुले त्या महाविद्यालयांकडे पाठ फिरवतात किंवा त्यांना तिथली फी झेपत नाही, म्हणून त्या रिकाम्या राहतात. अशा वेळी पात्रतेची रेषा खाली आणली तर महाविद्यालय सुधारत नाही, फी कमी होत नाही आणि आयुर्वेदाला एकही चांगला वैद्य जास्तीचा मिळत नाही. रोग एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, असला प्रकार निदान वैद्यांनी तरी करू नये.

आधी आकडे पाहू. २०२५ साली ‘नीट’ला सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले आणि सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत. त्यात दंतवैद्यकाच्या जागा मिळवल्या तरी दहा लाखांहून अधिक पात्र विद्यार्थी उरतात. ते सगळे कायद्याने आयुर्वेदाच्या प्रवेशाला मोकळे आहेत. देशातल्या बीएएमएसच्या सगळ्या जागा भरून पुन्हा रांग शिल्लक राहावी एवढी ही संख्या आहे. मग ‘पात्र विद्यार्थी मिळत नाहीत’ हे वाक्य कोणत्या आधारावर उच्चारले जाते? पात्रता शिथिल करण्याची तरतूद नियमांत आहे हे खरे. पण ती आहे पुरेसे उमेदवार किमान गुण मिळवू शकले नाहीत अशा वेळेसाठी. पात्र उमेदवार लाखांनी उभे असताना ती वापरायची म्हणजे तरतुदीचा हेतूच उलटा करणे आहे. तरीही गेल्या काही वर्षांत पर्सेंटाइल खाली आणण्याचे निर्णय झाले आणि ते ‘जागा वाया जाऊ नयेत’ याच कारणाने झाले.

दुसरा गैरसमज ‘पन्नास पर्सेंटाइल’ या शब्दप्रयोगाचा आहे. पुष्कळ पालकांना वाटते की खुल्या प्रवर्गातल्या मुलाला निम्मे गुण लागतात. तसे नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे तो असला की झाले. प्रत्यक्षात ७२० पैकी किती गुण पुरतात ते पाहा. खुल्या प्रवर्गासाठी ही रेषा २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये फेरनिकालानंतर १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. राखीव प्रवर्गांसाठी ती ४० पर्सेंटाइलवर असते. २०२५ मध्ये ते गुण ११३ होते. शिथिल करायची आहे ती ही रेषा. ती आधीच किती खाली आहे हे न सांगता ‘जाचक अट’ असा शब्द वापरणे लोकांची दिशाभूल करणारे आहे.

आता भौतिकशास्त्राचा मुद्दा. आयुर्वेद शिकणाऱ्याला प्रकाशाचे वक्रीभवन आणि विद्युतमंडले कशाला हवीत, हा प्रश्न सभांमध्ये टाळ्या घेतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. सोडवायचे प्रश्न ९०, बरोबर उत्तराला चार गुण. २०२२ मध्ये ज्याने जीवशास्त्राचे फक्त ३० प्रश्न बरोबर सोडवले आणि बाकी सगळी उत्तरपत्रिका कोरी ठेवली, त्याचेही १२० गुण झाले आणि तो पात्र ठरला. २०२५ मध्ये त्यासाठी ३६ प्रश्न पुरले. भौतिकशास्त्रात शून्य आणि रसायनशास्त्रातही शून्य, तरी पात्र. तेव्हा भौतिकशास्त्रामुळे आयुर्वेदाचे विद्यार्थी अडतात हा युक्तिवाद टिकत नाही. या रेषेखाली जो राहतो तो जीवशास्त्राच्या दर पाच प्रश्नांतले दोनसुद्धा नीट सोडवू शकलेला नसतो. शरीराचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्याकडून एवढीही अपेक्षा ठेवायची नाही, असे आपण म्हणणार आहोत का?

आणि रसायनशास्त्र आयुर्वेदाला परके आहे असे तरी कोण म्हणेल? रसशास्त्रात पारद आहे, हरताळ आहे, नाग आणि वंग आहेत. शोधन आणि मारण नीट झाले नाही तर ते औषध रोग्याच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर उठते. बचनाग, कुचला, बिब्बा ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांनुसार विषारी द्रव्यांच्या यादीत मोडतात आणि तीच आपल्या भैषज्यकल्पनेत रोजच्या वापरातली आहेत. मात्रेचा अंदाज चुकला तर काय होते हे अगदतंत्राच्या पहिल्या तासाला कळते. रचना शारीराच्या टेबलावर विद्यार्थ्याला शव विच्छेदून पाहावे लागते, आणि ही रीत कोणा परकीयाने लादलेली नाही. सुश्रुतानेच शारीरस्थानात शव पाण्यात ठेवून थर सुटू लागल्यावर एकेक अवयव डोळ्यांनी पाहायला सांगितले आहे. निरीक्षण आणि पडताळणी ही आयुर्वेदाची स्वतःची परंपरा आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञानाची थोडी पक्की तयारी मागणे हा त्या परंपरेचा अपमान नाही. ती तयारी करून येणारा विद्यार्थी शास्त्राच्या जास्त जवळ पोहोचतो.

चरकाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. ‘नीट’ला विरोध करणारे म्हणतात की शिष्याची श्रद्धा, सेवाभाव, बुद्धी आणि चिकाटी पारखायला चरकाने सांगितले, पर्यायाचे वर्तुळ काळे करून त्यातले काही पारखले जात नाही. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. एका परीक्षेने सगळा माणूस कळत नाही. पण मग मागणी काय असायला हवी? जास्तीची पारख. मुलाखत घ्या, संस्कृतची तयारी पाहा, कल तपासा, स्वतंत्र परीक्षा हवी तर ती मांडा आणि तिचा दर्जा ‘नीट’हून कडक ठेवा. त्यावर वाद घालायला मी तयार आहे. प्रत्यक्षातली मागणी मात्र असलेली पारखही सैल करण्याची आहे. चरकाच्या नावावर परीक्षाच नको असे म्हणण्यासारखा विपर्यास दुसरा नाही.

शिवाय चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात लावलेला क्रम ध्यानात घ्यावा. आधी शास्त्राची परीक्षा, मग आचार्याची, आणि त्यानंतर शिष्याची. विद्यार्थ्याने गुरू निवडताना काय पाहावे याची यादी तिथे आहे: त्याचे अध्ययन निर्मळ आहे का, त्याने प्रत्यक्ष कर्म पाहिले आहे का, त्याचा हात सराईत आहे का, त्याच्याकडे उपकरणे आहेत का. आजच्या भाषेत सांगायचे तर महाविद्यालयात शिक्षक खरोखर येतात का, रुग्णालयात रुग्ण असतात का, पंचकर्माचे टेबल वापरात आहे का, की ते फक्त तपासणीच्या दिवशी पुसून ठेवले जाते. आज पालक नेमके हेच प्रश्न विचारू लागले आहेत. ज्या महाविद्यालयांना त्यांची उत्तरे देता येत नाहीत, तिथल्या जागा रिकाम्या राहतात. आचार्य-परीक्षेत नापास झालेल्या संस्थेने शिष्य-परीक्षा रद्द करा म्हणून गाऱ्हाणे घालावे आणि आयुर्वेदप्रेमींनी तिची पालखी खांद्यावर घ्यावी, हे मला बघवत नाही.

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. वरळीचे पोदार महाविद्यालय, नागपूर, नांदेड आणि धाराशिवची शासकीय महाविद्यालये, पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय, अहिल्यानगरचे गंगाधरशास्त्री गुणे महाविद्यालय, नाशिक आणि शीवमधली जुनी अनुदानित महाविद्यालये यांच्या जागांसाठी चुरस असते. मुले त्यासाठी एक वर्ष रिपीट करतात. चॉईस फॉर्म भरताना रात्र रात्र जागतात. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवासाचा दाखला यांसाठी तहसील कार्यालयांचे उंबरठे झिजवतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा धरून ठेवायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची, या एका निर्णयावर घरातले सगळे दोन-दोन दिवस बोलत बसतात. याच परीक्षेतून, याच पात्रतेतून, याच सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून एकीकडे जागेसाठी धडपड असते आणि दुसरीकडे जागा पडून राहते. परीक्षा दोन्हीकडे एकच आहे. मग फरक महाविद्यालयाचा आहे, हे मान्य करायला अडचण कोणती?

अडचण पैशाची आहे आणि ती स्पष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्रात देणगीशुल्काला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांनाही प्रवेश गुणवत्तेवर आणि पारदर्शकपणे द्यायला बजावले. २०१५ च्या राज्य कायद्याने प्रवेश आणि फी दोन्हींवर नियामक यंत्रणा आणली. एवढे होऊनही संस्था पातळीवरच्या कोट्यात फी जास्त असते आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तिथे रस्ता रुंद असतो. पण त्या रस्त्यावरही एक फाटक आहे, ‘नीट’च्या पात्रतेचे. संस्था कोट्यातल्या मुलालाही ती रेषा पार करावीच लागते. या साऱ्या व्यवहारात पैशाने विकत घेता न येणारी कदाचित हीच एक गोष्ट उरली आहे. ती हटवली की सर्वांत आधी आत येईल तो पैसेवाला आणि अपात्र विद्यार्थी. गरीब आणि पात्र विद्यार्थी आज जिथे आहे तिथेच राहील.

इथेच ग्रामीण मुलांच्या कैवाराचा प्रश्न येतो. मराठी माध्यमातून शिकलेली, क्लासची फी न परवडणारी मुले ‘नीट’मध्ये मागे पडतात, त्यांच्यासाठी रेषा खाली आणा, असे सांगितले जाते. यातली वेदना खरी आहे. ‘नीट’ मराठीतूनही देता येते, पण मराठीतून तयारी करून घेणारे चांगले शिक्षक आणि साहित्य तालुक्याच्या गावी कुठे आहेत? कोचिंगच्या बाजाराने या परीक्षेला विळखा घातला आहे हेही खरे. पण प्रस्तावित उपायाचा लाभ कोणाला होतो ते तपासा. हिंगोली किंवा गडचिरोलीतली एखादी मुलगी स्वतःच्या जिद्दीवर पात्रता गुणांच्या वर जाते. ती अडते ती पुढच्या पायरीवर. शासकीय जागा थोड्या, त्या वरच्या गुणांवर भरतात. खासगी महाविद्यालयाची फी, वसतिगृह आणि खाणावळ मिळून वडिलांच्या ऐपतीबाहेर जाते. रेषा खाली आणून तिला काय मिळाले? तिच्या मागच्याला आत येता आले, एवढेच. तिच्यासाठी हवी आहे शासकीय जागा, किंवा खासगी जागेची फी भरणारी शिष्यवृत्ती.

आणि हे कसे करता येते याचे उदाहरण देशात आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या, ‘नीट’ पात्र मुलांसाठी वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय अभ्यासक्रमांसोबतच भारतीय वैद्यक आणि होमिओपॅथीच्या अभ्यासक्रमांतही ७.५ टक्के जागा राखल्या. तिथल्या बहुतेक पक्षांची भूमिका ‘नीट’विरोधी आहे हे सर्वश्रुत आहे. तरीही या उपायात पात्रतेला धक्का लागला नाही आणि सरकारी शाळेतल्या मुलांना दार उघडले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्या मुलांसाठी असा विचार का होऊ नये? ग्रामीण विद्यार्थ्यांचे नाव घेऊन पर्सेंटाइलची मागणी करणाऱ्यांनी या मागणीसाठी एखादे निवेदन दिले तर मी त्यावर पहिली सही करीन.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या २०२० च्या कायद्यात निर्गम परीक्षेची तरतूद आहे. शेवटी चाळणी लागणारच आहे, मग सुरुवातीला कशाला? हा विचार मला क्रूर वाटतो. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून, घरची जमीन गहाण ठेवून, वयाच्या चोविसाव्या वर्षी मुलाला कळावे की आपण व्यवसाय करू शकत नाही? तोपर्यंत महाविद्यालयाची फी वसूल झालेली असते. निर्गम परीक्षा हवीच, पण ती शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या सवलतीची किंमत पाच वर्षांनी त्या मुलाकडून वसूल करण्यासाठी ती नको.

काही जण याहून पुढे जाऊन उघडपणे बोलतात: आयुर्वेदाला एमबीबीएस हुकलेलेच येतात, तिथे दर्जाचा आग्रह कशाला? हे बोलणे दुहेरी अन्यायाचे आहे. पहिला अन्याय विद्यार्थ्यांवर. पहिली पसंती हुकल्यावर आलेली मुले पुढे चांगले वैद्य होत नाहीत हा समज निराधार आहे; आवड अनेकदा पहिला रुग्ण बरा झाल्यावर, चांगला गुरू भेटल्यावर निर्माण होते. दुसरा आणि मोठा अन्याय रुग्णांवर. महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यसेवेत बीएएमएस पदवीधर कुठे कुठे उभे आहेत ते पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात शाळा-अंगणवाड्यांतली मुले तपासणारे आयुष डॉक्टर आहेत. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून रुजू झालेले आहेत. १०८ रुग्णवाहिकेत अपघातग्रस्ताजवळ बसलेले आहेत. वाडीवस्तीवर ज्याचा दिवा रात्री अकराला चालू असतो तो डॉक्टर बहुधा हाच. छातीत कळ आलेल्या शेतकऱ्याला समोरच्याची पदवी कोणती हे विचारायची उसंत नसते. त्याला त्या क्षणी योग्य निदान करणारा माणूस हवा असतो. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची किमान पात्रता कमी चालेल असे म्हणणे म्हणजे त्या शेतकऱ्याचा जीव कमी किमतीचा आहे असे म्हणणे होय.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितले आहे. पंजाबातल्या विनाअनुदानित आयुर्वेद महाविद्यालयांच्या महासंघाशी संबंधित खटल्यात ‘नीट’ची किमान पात्रता वैध ठरवताना न्यायालयाने म्हटले की आयुष शाखांचे डॉक्टरही रुग्णांवरच उपचार करतात, किमान दर्जा नसेल तर अर्धवट तयारीचे डॉक्टर बाहेर पडतील, आणि पात्र उमेदवार मिळत नाहीत हे दर्जा खाली आणण्याचे कारण होऊ शकत नाही. समान वेतनासाठी, शल्यकर्माच्या अधिकारासाठी, समाजात बरोबरीच्या मानासाठी आयुर्वेदाचे पदवीधर झगडत आहेत. त्या झगड्यात माझी सहानुभूती त्यांच्या बाजूने आहे. पण अधिकार बरोबरीचे हवेत आणि प्रवेशाची पात्रता मात्र सवलतीची हवी, ही भूमिका कोणत्याही व्यासपीठावर टिकणार नाही. दर वेळी पर्सेंटाइल घसरते तेव्हा आपल्या हातातला सर्वांत भक्कम युक्तिवाद आपण प्रतिपक्षाच्या हवाली करतो.

मग रिकाम्या जागांचे करायचे काय? पहिली गोष्ट, त्या रिकाम्या राहू द्याव्यात. सलग काही वर्षे जिथे जागा भरत नाहीत तिथली प्रवेशक्षमता आयोगाने कमी करावी. शंभर विद्यार्थ्यांना शिकवण्याइतके रुग्ण आणि शिक्षक नसतील तर साठ घ्या. साठांनाही नसतील तर बंद करा. दुसरी गोष्ट, महाविद्यालयांना द्यायची परवानगी प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी पूर्ण व्हावी. फेऱ्या चालू असताना नवी नावे यादीत येतात, आधी पसंतीक्रम भरलेल्या मुलांवर अन्याय होतो आणि उशिरा आलेल्या महाविद्यालयाच्या जागा मागे राहतात. मग त्याच रिकाम्या जागा सवलतीच्या मागणीचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. तिसरी गोष्ट, प्रत्येक महाविद्यालयाच्या रुग्णालयातले दैनंदिन बाह्यरुग्ण, भरती रुग्ण, शिक्षकांची बायोमेट्रिक हजेरी आणि विद्यापीठ परीक्षेचा निकाल पसंतीक्रम भरण्याआधी पालकांसमोर ठेवावा. कागदावरच्या शिक्षकांना आळा घालण्यासाठी आयोगाला संकेतांक आणि बायोमेट्रिक आणावे लागले. ती माहिती तपासनीसाच्या फायलीत कशाला पडून राहावी? चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शासकीय आणि अनुदानित जागा वाढवाव्यात. मराठवाडा, विदर्भ आणि कोकणातल्या मुलांना परवडणारी जागा जवळ मिळाली तर पात्र मुले आयुर्वेदाकडे आपणहून येतील.

हे सगळे खर्चाचे आणि कष्टाचे आहे. पर्सेंटाइल खाली आणायला मात्र एक परिपत्रक पुरते, म्हणून तोच मार्ग वारंवार निवडला जातो. आयुर्वेदावर प्रेम असणाऱ्यांनी या सोप्या मार्गाच्या आडवे यावे. महाविद्यालय चांगले असेल तर त्याच्या दाराशी रांग लागते, हे पोदार आणि टिळकसारख्या संस्थांनी दाखवून दिले आहे. बाकीच्यांनी तिथवर यावे. ज्यांना तसे येता येत नसेल त्यांच्या रिकाम्या बाकांसाठी रुग्णांच्या सुरक्षिततेशी तडजोड करण्याचा हक्क सरकारला नाही, आयोगाला नाही आणि आयुर्वेदाचे नाव घेणाऱ्या आपल्यालाही नाही.